चिठ्ठीवाचून मलम

उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील रहिवाशांच्या त्वचेवर हवामानाने, उद्योगधंद्यांनी आणि रोजच्या प्रवासाने मिळून जो भार टाकलेला आहे, त्याचा हिशेब सार्वजनिक आरोग्याच्या दप्तरात क्वचितच मांडला जातो. समुद्राचा वारा इथवर येईतो मंदावलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरचा पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो, आणि पावसाळा लागला की हीच हवा दमट होऊन अंगाला चिकटते. सकाळच्या लोकलमध्ये तासभर दाटीवाटीने उभा राहून घामाने भिजलेला शर्ट अंगावरच वाळवीत मुंबईला जाणारा कारकून, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधील जीन्सचा कारागीर, फर्निचर बाजारात पॉलिश करणारा मजूर, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील पाळीचा कामगार, या सर्वांना घामोळे, इसब, गजकर्ण, करट यांपैकी कशाचा ना कशाचा उपद्रव झाल्यावाचून एखादेच वर्ष जात असेल.

हे विकार जीव नकोसा करणारे असले तरी त्यांतील बहुतेक साध्य आहेत, आणि त्यांची औषधे आज स्वस्त व सर्वत्र उपलब्ध आहेत. मला ज्या विकाराविषयी आज कळकळीने लिहावयाचे आहे तो मात्र माणसानेच निर्माण केलेला आहे. औषधाच्या दुकानातून डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून आणलेली, शेजारणीने सुचवलेली किंवा ब्यूटी पार्लरमधून हाती ठेवलेली स्टेरॉइडयुक्त मलमे महिनोन्‌महिने तोंडाला फासल्यामुळे जो चेहरा लाल, पातळ, पुरळांनी भरलेला आणि उन्हात पाऊल टाकताच आग आग होणारा बनतो, त्या चेहऱ्याची ही व्यथा आहे. आणि ज्या कायद्याने ती टळली असती तो कायदा अस्तित्वात असून त्याची अंमलबजावणी होत नाही, ही माझी तक्रार आहे.

चेहऱ्याची त्वचा वरवर पाहता इतर अंगाच्या त्वचेसारखीच दिसत असली तरी तिची घडण निराळी आहे. ती पातळ आहे, आणि पापण्यांवर तर साऱ्या शरीरात सर्वांत पातळ आहे. तिच्यात तैलग्रंथी दाटीने बसवलेल्या आहेत. आणि अंगावरच्या वस्त्रांचा आश्रय तिला जन्मभर मिळत नाही. साहजिकच तिच्यावर लावलेला पदार्थ अधिक प्रमाणात आत शिरतो. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकी संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे औषध शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून त्याचे शोषण मोजले, तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताच्या मानाने ते कपाळातून सुमारे सहापट आणि जबड्याच्या कोनापाशी सुमारे तेरापट शोषले जाते असे त्यांना आढळले. हातावरच्या इसबासाठी डॉक्टरने दिलेली ट्यूब घरात पडून आहे म्हणून मुलीच्या गालावरच्या डागाला लावणाऱ्या आईला हे आकडे कोणीतरी सांगावयास हवे होते.

स्टेरॉइड या औषधाशी माझे वैर नाही. कॉर्टिसोनवरील संशोधनासाठी केंडॉल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९५२ मध्ये सल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचा लेप त्वचारोगांवर यशस्वी करून दाखवला, तेव्हापासून इसबाने, सोरायसिसने आणि अंगावर फोड उठवणाऱ्या दुर्धर व्याधींनी पीडलेल्या असंख्य माणसांना या औषधाने रात्रीची झोप परत दिली आहे. परंतु त्यानंतर आलेली बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही त्याची भावंडे मूळ औषधापेक्षा फार प्रबळ आहेत, आणि प्रबळ औषध हे नेमक्या रोगासाठी, नेमक्या जागी, नेमक्या मुदतीपुरते द्यावयाचे असते. वांग घालवण्यासाठी क्लिगमन या अमेरिकी त्वचातज्ज्ञाने १९७५ मध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड यांचे मिश्रण सुचवले. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरावयाच्या त्या मिश्रणाचे वंशज आज आपल्याकडे तोंड उजळण्याची क्रीम म्हणून मागितले जातात, आणि मागणाऱ्याला ते दिलेही जातात.

या मलमाची मोहिनी त्याच्या पहिल्या आठवड्यात आहे. स्टेरॉइडमुळे त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, दाह शमतो, खाज थांबते, रंग काहीसा फिकट होतो, आणि आरशात पाहणाऱ्याला आपला चेहरा एकाएकी नितळ झाल्याचा प्रत्यय येतो. याच सुखद अनुभवाच्या बळावर ट्यूब संपते, दुसरी येते, मैत्रिणीला शिफारस होते. पुढे कातडी विरळ होऊ लागते, गालांवर लाल केशवाहिन्यांचे जाळे दिसू लागते, मुरमांसारख्या पुटकुळ्या उठतात, बायकांच्या तोंडावर लव वाढते. आणि घाबरून मलम बंद करावे तर दोन-चार दिवसांत चेहरा असा काही पेटतो की पुन्हा तेच लावल्यावाचून गत्यंतर राहत नाही. व्यसनाची सर्व लक्षणे येथे आहेत, फक्त व्यसनी माणसाला आपण काय सेवन करतो आहोत याची वार्ता नाही. देशातील बारा केंद्रांतील त्वचारोगतज्ज्ञांनी केलेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे शंभरात जवळजवळ पंधरा, तोंडाला स्टेरॉइड लावीत होते, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिकांना ते कोणत्याही डॉक्टरने लिहून दिलेले नव्हते. कित्येकांनी ते गोरेपणासाठी लावले होते, कित्येकांनी मुरमांसाठी. मुरमांना तर ते विषासारखेच आहे.

आता ज्या रोगांवर हे मलम चुकीने लावले जाते त्या रोगांकडे पाहू, कारण रोग ओळखता आला तर मलमाचा मोह अर्धा ओसरतो. या तिन्ही शहरांत पहिला मान दुर्दैवाने गजकर्णाचा आहे. घाम, घट्ट जीन्स, न वाळलेले कपडे आणि एका पंच्यावर चार माणसे पुसली जाणारे लहान घर, एवढे भांडवल या बुरशीला पुरते. जांघेत आणि कमरेवर सुरू झालेले गोल चट्टे तेथून नखांवाटे आणि पंच्यावाटे तोंडावरही येतात. गेल्या दशकात भारतभर गजकर्णाची जी साथ पसरली तिच्यातील बुरशी पूर्वीची राहिलेली नाही. तिला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव मिळाले, टर्बिनाफीन या एरवीच्या खात्रीच्या औषधाला तिचे कित्येक वाण दाद देत नाहीत, आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील रुग्णांतही ती आढळल्याची नोंद अमेरिकेच्या आरोग्य खात्याने केली. बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि क्लोबेटासोलसारखे प्रबळ स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये कोंबून विकण्याची जी वहिवाट आपल्याकडे पडली तिने या साथीला हातभार लावला, असे त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. ही मलमे खाज दोन दिवसांत थांबवतात, त्वचेची प्रतिकारशक्ती दाबून टाकतात, आणि त्या आडोशाला बुरशी निर्वेध पसरते. चट्ट्याची गोल कडा पुसट झाल्याने पुढे डॉक्टरलाही तो चटकन ओळखू येत नाही. खरा उपाय कंटाळवाणा आहे. केवळ बुरशीनाशक औषध, तेही तज्ज्ञ सांगेल तितके आठवडे, चट्टे दिसेनासे झाल्यावरही काही काळ. घरात ज्या ज्या कोणाला चट्टे असतील त्या सर्वांचे उपचार एकाच वेळी. प्रत्येकाचा पंचा वेगळा. आणि कपडे उन्हात कडकडीत वाळवलेले. पावसाळ्यात बदलापूरच्या दोन खोल्यांच्या घरात हे शेवटचे कलम पाळणे किती अवघड आहे हे मी जाणतो. तेथे इस्त्रीचा उपयोग करावा.

मुरूम हा वयाचा धर्म मानून सोडून देण्याची आपली जुनी रीत आहे, आणि सौम्य मुरमांपुरती ती वाईट नाही. तैलग्रंथीचे तोंड बुजते, आत तेल साचते, जंतू वाढतात आणि दाह होतो, एवढीच त्यांची हकिकत आहे. ते अस्वच्छतेने येत नाहीत आणि घासून जात नाहीत. बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अडापॅलीन यांसारखी औषधे डॉक्टरच्या सल्ल्याने लावली तर दोन-तीन महिन्यांत गुण येतो. दोन-तीन दिवसांत गुण देणाऱ्या प्रत्येक ट्यूबविषयी मात्र संशय धरावा. गर्भवती स्त्रीने अडापॅलीन लावू नये, आणि आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर तिला सर्वस्वी वर्ज्य आहेत, कारण त्यांनी गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात. ज्या मुरमांच्या गाठी होतात, जे खड्डे पाडतात, त्यांसाठी विलंब न लावता तज्ज्ञाकडे जावे. खड्डे पडल्यावर ते बुजवण्याचा खर्च मुरमांच्या उपचाराच्या कित्येक पट असतो.

वांगाची गोष्ट अधिक नाजूक आहे. बाळंतपणानंतर किंवा तिशी-चाळिशीत गालांवर आणि कपाळावर जे तपकिरी डाग उमटतात त्यांच्या मुळाशी ऊन, संप्रेरके आणि आनुवंशिकता ही तिन्ही असतात. त्यांतील उन्हावरच काय तो आपला ताबा चालतो. सनस्क्रीनवाचून वांगावर लावलेले प्रत्येक औषध वाया जाते. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन घराबाहेर पडण्यापूर्वी पुरेशा प्रमाणात लावावे आणि दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. नुसत्या प्रकाशानेही वांग गडद होत असल्यामुळे रंगछटा असलेले, म्हणजे लोहाचे ऑक्साइड घातलेले सनस्क्रीन अधिक हितकर ठरते. छत्री आणि पदर ही आपल्या आज्यांची साधने आजही तितकीच कामाची आहेत.

लहान मुलांच्या गालांवर पांढुरके ठिपके दिसले की पोटात जंत झाले किंवा कॅल्शियम कमी पडले असे निदान घराघरांत होते. बहुतेक वेळा तो कोरड्या त्वचेचा सौम्य इसब असतो आणि साध्या मॉइश्चरायझरने हळूहळू भरून येतो. पाठीवर, छातीवर आणि मानेवर पसरणारे शिबं हेही एका निरुपद्रवी बुरशीचे काम आहे. परंतु जो फिकट किंवा लालसर चट्टा बधिर आहे, ज्याला स्पर्श किंवा टोचलेले कळत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो, आणि त्याला मलम लावून झाकणे म्हणजे नसा कायमच्या निकामी होऊ देणे. भाऊ दाजी लाडांनी ज्या रोगावर औषध शोधण्यासाठी एकोणिसाव्या शतकात मुंबईत आयुष्याची शेवटची वर्षे वेचली, तो रोग आज बहुविध औषधोपचाराने सहा ते बारा महिन्यांत पूर्ण बरा होतो, आणि ती औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात.

कोडाविषयी दोन वाक्ये लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. कोड संसर्गजन्य नाही, पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नाही, दूध-मासे एकत्र खाल्ल्याचा परिणाम नाही. शरीराचीच प्रतिकारयंत्रणा रंगपेशींवर उलटल्याने ते होते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ मध्ये ‘नितळ’ हा चित्रपट काढून, आणि पुण्याच्या श्वेता असोसिएशनने कोड असलेल्यांचे मेळावे भरवून जे काम केले, ते कोणत्याही मलमाने झाले नसते. कपाळावर टिकली लावणाऱ्या बायकांनी मात्र एवढे ध्यानात ठेवावे की काही टिकल्यांच्या गोंदातील एका रसायनाने नेमका टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो. तसा तो दिसू लागताच टिकली बंद करावी.

स्टेरॉइडपेक्षाही दारुण असा एक पदार्थ गोरेपणाच्या बाजारात फिरतो, तो म्हणजे पारा. त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या प्रक्रियेला पारा अडवतो, म्हणून तोंड उजळते. आणि तोच पारा कातडीतून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतो. अकोल्यातील एक तरुण विद्यार्थिनी, तिची आई आणि तिची बहीण, एकाच घरातील तिघी, स्थानिक ब्यूटीशियनकडून आणलेली क्रीम वापरीत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला असता त्या क्रीममध्ये पारा निघाला. ही हकिकत २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांत आली. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीही तेव्हाच मूत्रपिंडविकाराचे असे रुग्ण ओळखले, की ज्यांच्यातील बहुतेकांच्या आजाराचा धागा गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोचत होता. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती डबी कितीही विश्वासू माणसाने दिली तरी घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये.

या साऱ्याच्या मुळाशी गोऱ्या रंगाची आपली लालसा आहे, आणि तिच्याविषयी सौम्य बोलण्याची माझी इच्छा नाही. विवाहाच्या जाहिरातींत वर्णाचा रकाना ज्यांनी अजून जिवंत ठेवला आहे त्यांनी मुलींच्या हाती या ट्यूबा दिल्या आहेत. गोरेपणाचे नाव धारण करून १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या एका विख्यात क्रीमने २०२० मध्ये आपले नाव बदलले. घरातल्या आत्याबाईंनी आणि मावशींनी सावळ्या भाचीला भेटताच काढलेले उद्गार मात्र अद्याप बदललेले नाहीत. सावळा रंग हा रोग नव्हे, त्यावर औषध नाही आणि असू नये.

निरोगी चेहऱ्याला लागते ते फार थोडे. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा, आणि लोकलच्या प्रवासातून परतल्यावर नुसत्या पाण्याने एकदा तोंड धुणे, अंगाचा साबण तोंडाला न लावणे, कारण त्वचा स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते आणि साबण अल्कधर्मी, तेलकट त्वचेला हलके आणि कोरड्या त्वचेला दाट मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. लिंबू, टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा यांना चेहऱ्यावर स्थान नाही. हळद-बेसन ज्यांना मानवते त्यांनी खुशाल लावावे. खोबरेल तेल कोरड्या हातापायांना उत्तम, पण मुरमे येणाऱ्या तोंडावर ते लावले तर छिद्रे बुजतात. त्वचेचा वरचा थर सुमारे चार आठवड्यांत स्वतःच नवा होत असतो, आणि त्याला आपल्या घाईची गरज नसते.

आता सरकारकडे वळतो. औषधांच्या नियमांतील अनुसूची एच मध्ये जी औषधे आहेत ती डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. परंतु बाहेरून लावावयाच्या मलमांना त्या अनुसूचीत दीर्घकाळ सवलत होती, आणि त्या फटीतून स्टेरॉइडच्या ट्यूबा टूथपेस्टप्रमाणे विकल्या गेल्या. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमांची ही सवलत काढून घेतली. फर्मान निघाले, राजपत्रात छापले गेले, आणि दुकानाच्या फळीवरचा व्यवहार पूर्ववत चालू राहिला. याचा सर्व दोष औषधविक्रेत्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. ज्या माणसाला पहाटेची लोकल पकडून रात्री परत यावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने सकाळच्या वेळेत चालणारा सरकारी दवाखान्याचा बाह्यरुग्ण विभाग असून नसल्यासारखा आहे; खासगी तज्ज्ञाची फी आणि एका दिवसाचा बुडालेला रोज त्याला परवडत नाही; रात्री उशिरापर्यंत उघडे असते ते स्टेशनबाहेरचे मेडिकल, आणि म्हणून तेच त्याचे रुग्णालय होते.

तेव्हा अन्न व औषध प्रशासनाच्या ठाण्यातील अधिकाऱ्यांनी या तीन शहरांतील दुकानांच्या विक्रीच्या पावत्या तपासाव्यात आणि चिठ्ठीवाचून विकल्या गेलेल्या स्टेरॉइड मलमांबद्दल परवान्यावर कारवाई करावी, ही मागणी करताना तिच्या जोडीला दुसरीही करणे मला आवश्यक वाटते. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथचे छाया रुग्णालय आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटनही झाले आहे. या ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग चालवावा, म्हणजे कर्जत किंवा बदलापूर लोकलने परतणाऱ्या माणसाला वाटेत उतरून डॉक्टरला तोंड दाखवता येईल. रुग्णाला जेथे डॉक्टर भेटत नाही तेथे चिठ्ठीचा कायदा पाळला जाण्याची अपेक्षा करणे फोल आहे.

जे वाचक आज अशी एखादी ट्यूब वापरीत असतील त्यांनी तिच्यावरील अक्षरे नीट पाहावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी कोणतेही नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. चेहऱ्यावर ती कित्येक महिने लावली असल्यास हे वाचून घाबरून एका दिवसात बंद करू नये, कारण त्यानंतर उठणारी आग सहन न होऊन माणूस पुन्हा तिच्याकडेच वळतो. तज्ज्ञ डॉक्टर सौम्य औषध देऊन क्रमाक्रमाने ती सोडवतात, आणि यास काही महिने लागू शकतात. जाताना ट्यूब बरोबर न्यावी, आणि ती किती दिवस लावली ते संकोच न धरता सांगावे.